बारा खांबांचा काळा थर

वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर माझ्या माहेरचं गाव आहे. गावाचं आणि देवळाचं नाव इथे देत नाही. देवस्थान समितीला तसा शब्द दिला आहे. देऊळ जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं आणि पुढे लाकडी सभामंडप. सभामंडपाला बारा खांब, सगळे फणसाच्या गाभ्याचे. एका ओंडक्यातून एक खांब घडवलेला, खाली दगडी तळखडा, वर वेलबुट्टी कोरलेले हस्त. लहानपणी याच खांबांना पाठ टेकून आम्ही रात्रभर दशावतार पाहिला. खांब काळे होते. कोळशासारखे काळे नव्हेत, पिकल्या करवंदासारखे; तिरपा उजेड पडला की आतून तांबूस झाक दिसायची.

जीर्णोद्धार निघाला तेव्हा हा काळा रंग काढायचा की ठेवायचा, असा प्रश्न आला. फरशी आधीच नवी झाली होती. खांब घासून ‘मूळचं लाकूड’ बाहेर काढायचं आणि वर पॉलिश मारायचं, असा सुतारांचा प्रस्ताव होता. नमुना म्हणून त्यांनी गाभाऱ्यापासून लांबचा, प्रवेशाजवळचा एक खांब मशीनने घासलाही. आतून फणसाचं पिवळंधमक लाकूड निघालं आणि अर्ध्या गावाला ते आवडलं. उरलेल्या अर्ध्या गावाच्या पोटात कालवलं. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून अध्यक्षांचा फोन आला. ‘ताई, हा थर कसला आहे तेवढं सांगा. मागच्या कुणी मारलेला ऑइल पेंट असला तर घासतो. जुनं काही असलं तर हात लावत नाही.’

विचारणा इतकी स्पष्ट क्वचितच असते. पहिल्या खेपेला तिचं उत्तर मी चुकीचं दिलं. ते का चुकलं आणि दुसऱ्या खेपेला काय वेगळं केलं, ते सगळं इथे मांडते आहे. जुन्या लाकडाचे, मूर्तींचे, भिंतीवरच्या रंगाचे नमुने घेणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत आणि त्यातली बहुतेक माझ्यासारखीच, वाटेत मिळेल ते हातात घेऊन काम सुरू करणारी आहेत.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी

जत्रेला गावी गेले होते, तेव्हाच काम उरकायचं ठरवलं. नाक्यावरच्या दुकानातून कान साफ करायच्या काड्यांची डबी घेतली, घरातल्या बाटलीतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि चार खांबांवर छातीच्या उंचीला बोळा फिरवला. बोळा लगेच काळा झाला. मला वाटलं, नमुना झकास आला. काड्या झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घातल्या, पिशव्या पर्समध्ये ठेवल्या आणि तीन दिवसांनी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दिल्या.

तिथे आधी मिथाइलीकरण करून मग गॅस क्रोमॅटोग्राफी–मास स्पेक्ट्रोमेट्री झाली, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं वस्तुमान मोजणारी तपासणी. तेलं, राळा, रंगांचे बंधक यांतली आम्लं सहज वाफ होत नाहीत आणि यंत्राच्या नळीतून नीट वाहत नाहीत. मिथाइल गट जोडला की त्यांची वाफ सहज होते आणि ती वाहू लागतात. नेहमीचीच रीत. निकालात खोबरेल तेलाचं लॉरिक आम्ल भरपूर होतं, त्याची अपेक्षा होतीच. पण त्याच्या जोडीला १६३ वस्तुमानाचा ठळक आयन, म्हणजे डायमिथाइल थॅलेट होतं. आजकालचा ऑइल पेंट आणि वॉर्निश बहुधा अल्किड जातीचे असतात, आणि अल्किड बनतं थॅलिक आम्ल, एखादं बहु-अल्कोहोल आणि वनस्पती तेल यांपासून. मिथाइलीकरणानंतर त्यातलं थॅलिक आम्ल नेमकं याच रूपात दिसतं. मी अध्यक्षांना फोन केला, ‘आधुनिक रंग दिसतोय.’ शिमगा झाला की खांब घासायला घ्यायचे, असं समितीने ठरवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली प्रयोगशाळेतली. मूळ फाइली मागायला फोन केला तेव्हा यंत्र चालवणाऱ्या मुलीने सहज विचारलं, ‘मॅडम, कोरा नमुना पाठवलाच नाहीत का? त्याच्याशी ताडून बघितलं असतं.’ कोरा नमुना म्हणजे तेच सामान, पण तपासायच्या वस्तूला न लावलेलं. मी तो पाठवला नव्हता. वर्गात दरवर्षी मुलांना सांगते, आणि स्वतःच्या गावच्या देवळासाठी तेच केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गावातली. ज्या सुतारांनी खांब घासला होता, त्यांचे हात तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत सुजले, फोड आले, पापण्याही सुजल्या. दवाखान्यात लाकडाच्या धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. गुरवांच्या आत्याने हात बघितला आणि मला फोनवर सांगितलं, ‘बाय, ह्यो बिबो उतललो हा. रंगान असा होता काय?’

त्या एका वाक्याने मला जागं केलं. बिबा, काजू, आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. तिघांचाही चीक अंगाला लागला की कातडी उतते, कारण तिघांतही लांब शेपटीची फिनॉलं असतात. आमच्याकडे काजूच्या बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख फासून बसतात, ती याच तेलापासून वाचायला. वाळलेल्या अल्किड रंगाची धूळ अशी वागत नाही.

रिकामी पिशवी

गावी परत जाण्याआधी एक साधी तपासणी केली. त्याच डबीतली न वापरलेली काडी त्याच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली, त्याच जातीच्या नव्या पिशवीत घातली, तीन दिवस पर्समध्ये ठेवली आणि प्रयोगशाळेत दिली. या काडीने कुठल्याही खांबाला स्पर्श केलेला नव्हता. निकालात १६३ चं शिखर जवळजवळ तेवढंच उंच आलं.

कारण समजायला वेळ लागला नाही. प्लॅस्टिक लवचिक करायला थॅलेट एस्टर मिसळतात. सर्वांत नेहमीचं म्हणजे डाय-इथाइलहेक्सिल थॅलेट. अल्कोहोलमध्ये ते सहज उतरतं. आणि मिथाइलीकरणाची जी रीत अल्किड फोडते, तीच या एस्टरलाही फोडून डायमिथाइल थॅलेट बनवते. म्हणजे पिशवी आणि ऑइल पेंट दोन्ही यंत्रासमोर एकाच वेषात उभे राहतात. मिथाइलीकरण न करता तोच अर्क इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे रेणू न मोडता विद्युतभारित फवाऱ्यातून यंत्रात सोडून, बघितला तेव्हा वेष उतरला: ३९१ वर अख्खं थॅलेट, ४१३ वर त्याचंच सोडियम जोडलेलं रूप, शिवाय ३३८ वर एरुकामाइड. एरुकामाइड पॉलिथीनच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घालतात. देवळाच्या खांबाला त्याचं काहीच कारण नाही.

अध्यक्षांना फोन करून सांगितलं, की माझं आधीचं उत्तर मागे घेते, अक्षय्य तृतीयेपर्यंत कुणी सँडपेपर उचलू नये. अध्यक्षांनी एवढंच विचारलं, ‘ताई, मग त्या दिवशी यंत्राने काय बघितलं?’ मी खरं ते सांगितलं: माझी पिशवी.

दुसऱ्यांदा खांबापाशी

यावेळी सामान असं होतं. दोन मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, टोपणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर, भट्टीत तापवून स्वच्छ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आधी हेक्झेनमध्ये आणि मग मिथेनॉलमध्ये उकळून काढलेला कापूस, स्टीलचा चिमटा, शस्त्रक्रियेची १५ नंबरची पाती, प्रत्येक जागेला नवं पातं, नायट्राइलचे हातमोजे. त्या सकाळी केसांना तेल नाही, अंगाला क्रीम नाही. आईने जाताना हातावर खोबऱ्याची वडी ठेवली, ती डब्यात ठेवली.

पातं लावण्याआधी गुरवांनी कौल लावला. आमच्याकडे देवाच्या वस्तूला हात लावायचा तर तसं विचारल्याशिवाय होत नाही आणि मलाही ते योग्य वाटतं. त्या दहा मिनिटांत कुठून किती घ्यायचं, ते मी पुन्हा एकदा मनात फिरवून घेतलं. कौल उजवा झाला.

बोळा कुठे फिरवायचा हा प्रश्न बोळा कसला असावा यापेक्षा मोठा आहे, हे मला पहिल्या खेपेने शिकवलं होतं. छातीची उंची ही या खांबाची सर्वांत वाईट जागा. तिथे शेकडो पाठी टेकतात, आरतीच्या वेळी तेलाचे हात लागतात, हळदीची बोटं पुसली जातात. म्हणून तीन खांब निवडले: एक गाभाऱ्याजवळचा, एक मधला, एक पश्चिमेचा, ज्याच्यावर पावसाळ्यात खारं वारं सरळ येतं. प्रत्येकावर दोन उंची: एक मीटर, आणि शिडी लावून हाताच्या पोहोचेबाहेर अडीच मीटर. प्रत्येक उंचीला पत्र्यात कापलेल्या दोन सेंटिमीटरच्या चौकोनी खिडकीतून बोळा, म्हणजे क्षेत्रफळ सगळीकडे सारखं. आधी हेक्झेनचा बोळा, तेल-चरबीसाठी; शेजारच्या जागेवर मिथेनॉलचा, फिनॉल आणि आम्लांसाठी. असे बारा बोळे.

हेक्झेन पटकन पेट घेतं आणि गाभाऱ्यात नंदादीप जळत असतो. तो विझवायचा नाही, हे उघड होतं. म्हणून बोळे बाहेर दीपमाळेच्या पलीकडे भिजवले, बंद कुपीतून आत नेले, खांबावर फिरवून लगेच दुसऱ्या कुपीत बंद केले. वेळ गेला, पण दिवा तसाच राहिला.

बोळ्यांनी भागणार नाही याची मला आता शंका नव्हती. काजू-बिब्याची तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतात, त्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंफतात आणि त्यातून कुठल्याही द्रावकात न विरघळणारी कडक त्वचा तयार होते. बोळा त्या त्वचेवरून नुसता घसरतो आणि वरचं तेल-काजळी घेऊन परत येतो. पहिल्या वेळी बोळा काळा झाल्याचा मला आनंद झाला होता. ती काजळी होती निरांजनाची. खऱ्या थरासाठी पात्याने खरवडणं भाग होतं.

त्या खरवडण्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण यात हात लवकर चुकतो. कोरीव वेलीच्या खोबणीत, जिथे आधीच कपची उडालेली आहे, तिची कड शोधायची. भिंगातून पाहिलं तर त्या कडेला तीन पट्ट्या दिसतात: वर मळकट काळी भुसभुशीत, मध्ये काचेसारखी तांबूस-काळी, खाली लाकडाचा पिवळा. पहिल्या पात्याने वरची पट्टी हलकेच झाडून वेगळी काढायची. मग नवं पातं आडवं धरून मधल्या पट्टीची कड नुसती दाबायची. ओढायची नाही, ओढलं की लाकडाचे तंतू येतात. टच् असा बारीक आवाज होतो आणि मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी चकाकती कपची पत्र्यावर पडते. श्वास रोखून धरावा लागतो. एक कपची माझ्या श्वासाने उडाली आणि फरशीवर हरवली. ती शोधून उचलण्यात अर्थ नव्हता, फरशीवर फिनाइल होतं. यंत्राला दशसहस्रांश ग्रॅम पुरतो, त्यामुळे याहून मोठा तुकडा घ्यायची गरज नाही. तीन खांबांच्या तीन आणि घासलेल्या खांबाच्या खोबणीत मशीन न पोचलेल्या जागेची एक, अशा चार कपच्या.

उरले कोरे नमुने: पाच. प्रत्येक द्रावकात भिजवून सभामंडपाच्या हवेत नुसता धरलेला एकेक बोळा. अख्खा प्रवास बंदच राहिलेली एक कुपी. आणि फणसाच्या लाकडाचे दोन पातळ छिलके, घासलेल्या खांबाच्या सांध्यातली पाचर सुतारांनी काढून दिली तिच्या आतून. एकूण एकवीस कुप्या.

शिवाय पाच संदर्भ गोळा केले. देवळातल्या दिव्याचं तेल. काजूच्या टरफलांचं थंड पिळून काढलेलं तेल आणि भाजून काढलेलं तेल. आत्याने सुईने टोचून दिव्याच्या ज्योतीवर गाळलेलं बिब्याचं तेल. आणि उंडीचं तेल. पूर्वी किनाऱ्यावर दिव्याला ते वापरत, म्हणून ते नाकारायलाही हवं होतं. ही तेलं फणसाच्या पट्ट्यांवर फासून सहा आठवडे गच्चीवर उन्हात वाळवली. ताज्या तेलाशी जुन्या थराची तुलना फसवी असते.

एका मित्राने विचारलं, आता पृष्ठभागावरूनच थेट मोजणारी तंत्रं आहेत, मग हा एवढा खटाटोप का? आहेत, हे खरं. २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने ‘डेसी’ मांडलं, ज्यात विद्युतभारित थेंबांचा फवारा सरळ पृष्ठभागावर मारतात आणि उडालेले थेंब यंत्र ओढून घेतं. पुढच्या वर्षी ‘डार्ट’ आलं. कागद, पान, फळाची साल यांना ते फार उपयोगी. पण नऊ फुटांचा खांब यंत्रासमोर नेता येत नाही, आणि नेला तरी फवाऱ्याला सर्वांत वरचाच थर दिसेल, म्हणजे पुन्हा निरांजनाची काजळी.

आकड्यांनी काय सांगितलं

एक मीटरवरच्या बोळ्यांत लॉरिक आम्ल, हळदीचं कुर्कुमिन आणि स्क्वालीन सापडलं. स्क्वालीनवर गावात चर्चा झाली, कारण एका वयस्कर खलाशांचं म्हणणं होतं की पूर्वी होड्यांना मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं (यकृताचं) तेल लावत, तेच खांबांना लावलेलं असणार. आणि त्या माशाच्या तेलात स्क्वालीन खरोखर भरपूर असतं. पण माणसाच्या कातडीवरच्या तेलातही ते असतं. इथे उंची कामाला आली: अडीच मीटरवर स्क्वालीन कोऱ्या बोळ्याइतकंच, म्हणजे नसल्यात जमा. तेल फासलं असतं तर वरपर्यंत फासलं असतं. हे आमचेच हात आणि पाठी होत्या. खलाशीकाकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी खांबाजवळ जाऊन आपला हात एकदा त्या उंचीवर ठेवून पाहिला.

थॅलेट सगळ्या बोळ्यांत होतं, पण कोऱ्या बोळ्यात होतं तेवढंच. द्रावकात, हवेत, धुळीत ते थोडंफार असतंच. शून्य कधी येत नाही. कोऱ्याच्या वर येत नाही एवढंच बघायचं. उंडीच्या कॅलोफिलोलाइडचा ४१७ कुठेही नव्हता.

अडीच मीटरवरच्या मिथेनॉलच्या बोळ्यांत, ऋणभारित आयनांत, २९७, २९९ आणि ३०१ अशी पायरी दिसली. टरफलाच्या तेलातलं कार्डेनॉल असंच दिसतं: एकवीस कार्बनचं फिनॉल, शेपटीत तीन, दोन किंवा एक दुहेरी बंध, प्रत्येक बंधामागे दोन हायड्रोजनचा फरक. पण इथे लाकडाच्या छिलक्यांनी मोठा उपकार केला. फणसाच्या गाभ्याला पिवळा रंग देणारं मोरिन नावाचं द्रव्य आहे, आणि त्याचा ऋण आयनही ३०१ वरच पडतो. छिलके पाठवले नसते आणि यंत्र साधं असतं, तर ३०१ कुणाचा हे सांगताच आलं नसतं. अधिक विभेदनाच्या, म्हणजे वस्तुमानातला बारीक फरकही दाखवणाऱ्या यंत्रावर एकाच आकड्याच्या घरात दोन बिऱ्हाडं स्पष्ट दिसली: ३०१.०३५ मोरिनचं, ३०१.२५४ कार्डेनॉलचं. मोरिनमध्ये सात ऑक्सिजन, कार्डेनॉलमध्ये एकच आणि हायड्रोजन मात्र कितीतरी जास्त. तो फरक दशांशात उतरतो. छिलक्यांत फक्त पहिलं, बोळ्यांत दोन्ही.

मग काजू की बिबा? गावात जुनं बोलणं असं होतं की खांबांना ‘बिब्याचं काळं’ दिलेलं आहे, आणि आत्याच्या निदानानेही तिकडेच बोट दाखवलं होतं. इथे वजनाने काहीच सुटत नव्हतं. काजूतलं कार्डोल आणि बिब्यातलं भिलावनॉल यांचं रासायनिक सूत्र तंतोतंत एक: एका दुहेरी बंधाच्या रूपाचं वस्तुमान दोघांचंही ३१८, दशांशसुद्धा तेच. यंत्र कितीही तीक्ष्ण असलं तरी हे वेगळे होणार नाहीत, कारण वेगळं काही वजनात नाहीच. फरक आहे तो रेणूतल्या कार्बनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारी-शेजारी बसलेत की एक जागा सोडून. तो बघायला रेणू मोडावा लागतो.

म्हणून कपच्या. पायरोलिसिसमध्ये कपची काही सेकंदांत पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला नेतात. न विरघळणारी ती गुंफण तुटते आणि तुकडे क्रोमॅटोग्राफीतून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. शेपटी तुटली की कड्याचा बुंधा उरतो आणि त्याचा आकडा ओळख सांगतो. एक हायड्रॉक्सिल असलेला कार्डेनॉलचा बुंधा १०८, कार्डोलचा १२४, बिब्याच्या शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिलचा १२३. गच्चीवर वाळवलेल्या बिब्याच्या पट्टीत १२३ उंच होता. खांबांच्या चारही कपच्यांत १०८ ठळक, १२४ बारीक, १२३ नाही. टरफलाच्या भाजलेल्या तेलाच्या पट्टीशी हे चित्र रेषेवर रेष बसलं.

भाजलेल्याच का, तर थंड तेलात सर्वांत जास्त असतं अ‍ॅनाकार्डिक आम्ल, आणि त्याची ३४१ ते ३४७ ची रांग गच्चीवरच्या थंड तेलाच्या पट्टीत वाळल्यावरही दिसत होती. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. खांबांवर त्या रांगेचा मागमूस नव्हता.

समितीसमोर मी तीन वाक्यं ठेवली. खांबांवरचा मधला चकाकता थर ऑइल पेंट नाही. तो काजूच्या टरफलांचं तापवलेलं तेल फासून, वाळवून केलेला आहे. त्याच्या वरची मळी दिव्याच्या तेलाची, काजळीची आणि आपल्या हातांची आहे. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं, म्हणून थर त्याआधीचा नाही. पण यावरून खांबांचं वय काढू नये, तेल नंतरही लावलेलं असू शकतं. वयाविषयीचं हे बोलणं काहींना आवडलं नाही. देऊळ किती जुनं हे ऐकायला ते आले होते. पण कपचीत ते उत्तर नव्हतं, आणि एकदा पिशवीचा निकाल देवळाच्या नावावर सांगून झाल्यावर मी नसलेलं काही सांगणार नव्हते.

बिब्याच्या जुन्या बोलण्याविषयी मात्र मला एवढं सांगावंसं वाटलं, की ते खोटं म्हणून झटकू नये. गावाने गुण बरोबर लक्षात ठेवला होता, काळं करणारं आणि अंगाला उतणारं तेल; नाव शेजारच्या झाडाचं लागलं. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘भावंडांच ती.’ कुळाच्या दृष्टीने तिचं अगदी बरोबर आहे.

पुढे काय केलं

खांब घासायचे नाहीत असं ठरलं. कॉस्टिक सोड्याने धुवायचा पर्यायही मी आग्रहाने बाजूला ठेवायला लावला. वरची मळी निघेल, पण सोडा भेगांतून फणसाच्या लाकडात जाईल, त्याचा रंग ओढेल आणि कोरीव कडा मऊ करेल. मळी मऊ कुंचल्याने झाडायची, चिकट जागा किंचित ओल्या सुती फडक्याने टिपायची, एवढंच. निरांजनाची जागा खांबापासून दोन हात लांब नेली. पश्चिमेच्या खांबावर कौलांमधून पाणी ओघळत होतं. ती कौलं पावसाआधी बदलली, आणि माझ्या मते या सगळ्यात खांबांच्या आयुष्याला खरी मदत कशाची झाली असेल तर या कौलांची.

घासलेल्या खांबाला पुन्हा टरफलाचं तेल लावावं अशी सूचना आली. मी नको म्हटलं. ताजं तेल वाळून शांत होईपर्यंत त्याला टेकणाऱ्या प्रत्येक पाठीला बिबा उतेल, आणि देवळात लहान मुलं येतात. सुतारांचे हात बरे व्हायला तीन आठवडे गेले होते. आता ते जुनं काळं लाकूड आलं की आधी मला कपचीचा फोटो पाठवतात आणि हातमोजे घालून काम करतात.

तो एक खांब तसाच ठेवला आहे. अकरा काळ्या खांबांत तो अजून उठून दिसतो, पण फणसाचं लाकूड उजेडाने आपोआप गडद होत जातं आणि गेल्या खेपेला त्याचा पिवळा तांबूसकडे झुकला होता. एक मीटरच्या उंचीवर, चारी बाजूंनी, हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचा एक तुकतुकीत पट्टा उमटायला लागला आहे. आरती चालू होती आणि त्या खांबाला टेकून एक मुलगी झोपली होती.